माझं नाव तू सांगायचीस

ताई, परवा तुझं तेरावं झालं. भटजींनी मला शेजारी बसवून घेतलं. म्हणाले, तुम्ही अकोल्याच्या वैदिक घरातले, सोबत म्हणा. मी म्हटलं. एकदाही अडखळलो नाही. तू शिकवायचीस त्या शाळेतल्या शिक्षिका मागे बसल्या होत्या. त्यातल्या एकीने दुसरीला हळूच विचारलं, "हाच का तो भाऊ? हा तर स्वच्छ बोलतो." मला ऐकू आलं. मागे वळून काही सांगावंसं वाटलं नाही. सध्या काहीच करावंसं वाटत नाही.

रडू अजून आलेलं नाही. भाऊजी रडले. तुझी मंजू रडून रडून माझ्याच मांडीवर झोपली. मी सगळ्यांना पाणी दिलं, बाजारातून केळीची पानं आणली, सतरंज्या मोजून परत केल्या. पानवाल्याने विचारलं, घरी काय आहे? मी म्हटलं, बहिणीचं तेरावं. 'ब'वर जरा थांबलो, एवढंच. तो म्हणाला, "अरेरे, मोठी का लहान?" मी म्हटलं, मोठी. मग त्याने पानं बांधून दिली.

अमरावतीच्या तुझ्या घरी, तुझ्या टेबलाशी बसून हे लिहितो आहे. समोर बसून तुझ्याशी बोललो असतो तर तू मधेच माझी वाक्यं पुरी केली असतीस. निम्मं माझं आणि निम्मं तुझं, असंच आपलं बोलणं असायचं. आता पहिल्यापासून शेवटपर्यंत मलाच सांगायचं आहे.

तोतरेपणा मला कधी लागला ते आठवत नाही. आई म्हणायची, तापातून उठल्यावर. नाना म्हणायचे, लाडाने. मला आठवतं ते एवढंच, की कुणी "बाळ, तुझं नाव काय?" असं विचारलं, की माझे ओठ घट्ट मिटायचे आणि काही केल्या उघडायचे नाहीत. इतर शब्दांना पळवाट असते. पाणी म्हणता आलं नाही तर तहान लागली म्हणावं. नावाला दुसरं नाव कुठून आणणार? मी मिटलेल्या तोंडाने उभा असायचो आणि माझ्या खांद्यामागून तुझा आवाज यायचा, "त्याचं नाव मधुकर. सगळे मधू म्हणतात. त्याला गूळ नको, शेंगदाणे द्या."

गूळ मला आवडायचा. हे तुला फार पुढे कळलं.

जुन्या शहरातल्या आपल्या गल्लीत दुसरी कुठलीही मुलगी वाण्याशी, डॉक्टरशी, टांगेवाल्याशी एवढं बोलत नव्हती. काकांनी एकदा नानांना टोकलं, मुलगी फार तोंडाळ होते आहे. नाना म्हणाले, "ती तिचं नाही बोलत, त्याचं बोलते." त्या वाक्याने तुला मोकळीक मिळाली आणि मला एक जागा मिळाली. मी न बोलणारा आणि तू बोलणारी. कुणी ठरवलं नव्हतं, पण चौदाव्या-पंधराव्या वर्षी आपण कोण आहोत असा प्रश्न पडायला लागतो, तेव्हा हे उत्तर घरात तयार होतं. दुसरं शोधायची गरज कुणाला वाटली नाही.

मोर्णा नदीच्या पुलापलीकडची माझी शाळा तुला आठवत असेल. हजेरीला मास्तर नाव पुकारायचे आणि माझ्या तोंडून 'हजर' निघेपर्यंत पुढची नावं होऊन जायची. वर्गात बसूनही मी गैरहजर. ते नानांच्या कानावर गेलं. मी शाळा बुडवून नदीवर हिंडतो असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी मला ओसरीवर उभं करून विचारलं, "कुठे जात असतोस?" मला सांगता येईना. तू स्वयंपाकघरातून पळत आलीस, माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि म्हणालीस, "नाना, हा वर्गातच असतो. याला हजर म्हणता येत नसेल." एवढं तुला कसं कळलं, मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तू मुलांच्या शाळेत आलीस. दोन वेण्या, परकर, हातात काही नाही. मास्तरांना म्हणालीस, "हा हात वर करील. तेवढं चालवून घ्या." मास्तर बरे होते, त्यांनी मान हलवली. पण पोरं हसली ती वर्षभर. त्यानंतर मी हात वर केला, की मागच्या बाकावरून कुणीतरी बारीक आवाज काढून म्हणायचं, "हा हजर आहे, गुरुजी." तू माझ्यासाठी केलंस. मला त्या दिवशी तुझा राग आला होता आणि त्या रागाची लाजही वाटली होती. दोन्ही एकाच वेळी.

नानांना मात्र वेगळाच प्रश्न होता. पहाटे ते मला वेदांची संथा द्यायचे, तेव्हा माझी जीभ कुठेही अडत नसे. लांबच लांब ऋचा मी एका दमात म्हणत असे. आणि तासाभराने त्यांनी विचारलं, "दूध प्यालास का?" की माझं तोंड बंद. नाना चिडायचे. "देवापुढे चालते ती जीभ माणसापुढे कशी थांबते? नाटकं करून राहिला." हे ते इतक्यांदा म्हणाले, की मलाही तसंच वाटायला लागलं. मी अंगणातल्या दगडावर बसून विचार करायचो, मी खरंच अडखळतो की मला अडखळायचंच असतं? खोटारडा असेन का मी, मलाच न कळता?

तुला विचारलं. शब्द जमवायला फार वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात तुझे कपडे वाळत घालून झाले. मग म्हणालीस, "मंत्रात काय बोलायचं ते तुला ठरवावं लागत नाही ना. तिथे तू नसतोसच, मधू. म्हणून अडत नाही."

"म... मग मी कुठे अ... असतो?" मी विचारलं.

तू बादली उचललीस आणि आत गेलीस. तुलाही माहीत नव्हतं. पण तो प्रश्न खरा होता. त्या वयाच्या प्रत्येक मुलाला तो पडत असेल, बोलता येणाऱ्यालाही. माझ्या बाबतीत तो जिभेवर येऊन बसला होता, इतकंच.

तू माझ्याआधी मॅट्रिक झालीस आणि घरी बसलीस. कॉलेज अमरावतीला, मुलगी अकोल्यात, विषय संपला. तू कढी करायला शिकलीस, वाती वळल्यास, कुणी माझं नाव विचारलं तर सांगत राहिलीस. मग मी मॅट्रिक झालो. बैठकीत काका, मावशीचे यजमान आणि नाना बसले होते. आई दारातून म्हणाली, "तो जाईल हो, पण तिथं त्याचं बोलणं कोण करणार?"

नाना म्हणाले, "कुसुम जाईल."

काका जवळजवळ ओरडले, मुलीला कॉलेजात घालणार? नाना म्हणाले, "शिकायला नाही, त्याची सोबत म्हणून. बसेल त्याच्या वर्गात." तू स्वयंपाकघरात होतीस. मी आत आलो तर तू विझलेल्या चुलीत फुंकर घालत होतीस. माझ्याकडे बघितलंस आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलंस. मला आधी वाटलं रडतेस.

अमरावतीला मावशीचं घर, बडनेऱ्याच्या रस्त्यावरचा धुरळा, कॉलेजात मुलींचा वेगळा बाक. प्राध्यापक माझं नाव विचारायचे आणि उत्तर मुलींच्या बाकावरून यायचं. वर्ग हसायचा. सगळ्यात मोठ्याने हसायचा भातकुलीचा देविदास. त्याच्या वडिलांचा मळा होता, भाजी आणि झेंडूची फुलं. पहिल्याच आठवड्यात त्याने मला बाहेर गाठलं.

"काहून बे, तुहं नाव तुले येत नाही का?"

माझे ओठ मिटले. तो समोर उभा राहिला, पेरू खात. पेरू संपला तरी उभाच. मग म्हणाला, "घे आरामात. मले कुठं जाचं हाये?" आणि त्याने खिशातून दुसरा पेरू काढला. मला हसू आलं आणि हसता हसता तोंडातून निघून गेलं, "मधू हाये."

मी कधी 'हाये' म्हटलं नव्हतं. आपल्या घरी नाना असं बोलू देत नसत. पण त्या भाषेत माझ्यावर कुणाची नजर नव्हती. तिच्यात मला आधी अडखळताना कुणी ऐकलं नव्हतं. महिन्याभरात मी देविदासशी घडाघडा बोलायला लागलो. इतरांशी थोडं. तुझ्याशी आणि मावशीशी पूर्वीसारखंच. तुला सांगितलं नाही. कसं सांगायचं ते कळलं नाही, आणि खरं तर एवढी एक गोष्ट फक्त माझी होती.

मग तो रविवार. देविदासच्या वडिलांच्या दुकानी माल जास्त आला होता आणि मी मजेत मदतीला उभा होतो. ढिगामागे उभा राहून ओरडत होतो, "घ्या बाई वांगे! भरीताचे वांगे! भातकुलीचे! पाहाले काई पैसे नाही लागत!" आणि समोर तू. हातात पिशवी, शेजारी मावशी. मावशीचं लक्ष लिंबांकडे होतं. तू तिला काहीतरी सांगून पलीकडे पाठवलंस आणि माझ्याकडे बघत उभी राहिलीस. माझं ओरडणं थांबलं.

"ओरड ना," तू म्हणालीस.

मी ओरडलो नाही. तू वांगी घेतलीस, निवडून. जाताना तुझा चेहरा पाहिला. तुला आनंद झाला होता, ताई, हे मी शपथेवर सांगेन. आणि त्याच्या खाली आणखी काही होतं, ते मला तेव्हा वाचता आलं नाही.

घरी आल्यावर तू मागच्या अंगणात बोलावलंस. "मधू, अकोल्याला गेलास की नानांसमोर असं बोलू नकोस."

मी विचारलं, का?

"तू बोलायला लागलास असं कळलं, की मला घरी बोलावतील. माझं बी.ए. होऊ दे. मग पाहिजे तेवढा बोल."

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. मला त्यात काही अवघड वाटलं नाही. अवघड ते पुढे झालं. सुटीत अकोल्याला गेलो, की नाना काही विचारायचे आणि मी अडखळायचो. काही वेळा ठरवून, काही वेळा खरोखर, आणि बहुतेक वेळा कोणतं कोणतं ते मलाच सांगता येत नसे. अठरा वर्षांचा मुलगा वडिलांसमोर उभा राहून तोतरेपणाची नक्कल करतो आणि मधेच नक्कल खरी होते. नाना मला नाटकी म्हणायचे तेव्हा मी नाटकी नव्हतो. आता होतो, तर त्यांनी ते म्हणणं सोडून दिलं होतं.

दुसऱ्या वर्षी कॉलेजात भाषणांची स्पर्धा होती. देविदासने माझं नाव देऊन टाकलं. तू काढून घेतलंस. परकोटाच्या भिंतीपाशी आपलं जे भांडण झालं, ते पुरं झालंच नाही. मी म्हणालो, तुला मी असाच हवा आहे. म... मुका. म्हणजे तुला बोलता येतं. तू रस्त्यातच थांबलीस. राग आला की तुझी बोली बदलायची.

"तुले काय वाटते, मले हौस आहे? लहानपणापासून तुझं बोलून राहिली मी. माझं काय बोलायचं ते मले माहीत तरी आहे का? तू बोलायला लागला, तर मी कोण, सांग ना!"

समोरून मावशीचे शेजारी आले. तू पदर सारखा केलास, त्यांना हसून म्हणालीस, वाचनालयात गेलो होतो. आपण घरी आलो. जेवलो. तो प्रश्न मी माझाच समजत होतो, तो तुझाही होता, हे मला त्या दिवशी कळलं. तुला उत्तर द्यायला हवं होतं. पुढे कित्येक वर्षं हाताशी होती. दिलं नाही.

शेवटच्या वर्षाच्या आधीच्या सुटीत मूर्तिजापूरची माणसं तुला बघायला आली. नानांना स्थळ पसंत होतं. तू मान खाली घालून पाटावर बसलीस. त्या दिवशी तुला बोलायची मनाई होती, विचारलं तेवढंच सांगायचं. मुलाचे काका भला माणूस. सगळ्यांशी बोलून झाल्यावर माझ्याकडे वळले. "आणि हे धाकटे. तुमचं नाव काय?"

सवयीने तुझी मान वर झाली. आईने मागून तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तू ओठ मिटून घेतलेस.

माझ्या मनात दोन्ही गोष्टी एकदम आल्या. नीट बोललो, तर नाना म्हणतील झालं, आता सोबतीची गरज नाही. नाही बोललो, तर हे लोक आजच तारीख काढतील. मी नाव सांगायला तोंड उघडलं. 'म'वर अडकलो. मान वाकडी झाली, डोळे मिटले, कपाळाला घाम आला. माणसं वाट बघत होती. नाव निघालं. मग मी थांबलो नाही. म्हणालो, ताईची परीक्षा आहे, एक वर्ष आहे, आधी ती होऊ द्या. एवढ्या वाक्याला इतका वेळ लागला, की त्यांच्यातली एक लहान मुलगी हसायला लागली आणि तिला बाहेर नेलं.

त्यांचा निरोप दोनच दिवसांत आला. मुलगी चांगली आहे, पण घराण्यात दोष दिसतो, पुढे मुलांत उतरेल. आई रडली. नाना सोवळं नेसून पूजेला बसले. आणि महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी तू बी.ए. झालीस. मीही झालो, पण पेढे वाटायला गल्लीत तू फिरलीस.

त्या संध्याकाळी तू मला पहिल्यांदा विचारलंस, "मधू, तू मुद्दाम केलंस का रे?" मी हसलो. तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, भाऊजींची माणसं उतरली होती तेव्हा विचारलंस. मी हो म्हटलं. मंजूच्या बारशाला विचारलंस, मी नाही म्हटलं. मला अकोल्यात शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली, तेव्हा पुन्हा विचारलंस. तू चिडायचीस, एकदा काहीतरी ठरव म्हणायचीस. ताई, मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं, आजही नाही. घाम खरा होता. पण आतून कुणीतरी म्हणत होतं, अजून थोडं, अजून थोडं. तो कोण होता, मी की माझा तोतरेपणा, हे मला वेगळं करता येत नाही. मी हल्ली मुलांना शिकवतो, अडखळतो, मुलं थांबतात. हे वेगळं करायची गरज राहिलेली नाही. तुला मात्र होती. उत्तर हवं होतं तुला.

कावीळ झाल्याचं कळलं तेव्हा वाटलं, होईल बरी. दवाखान्यात मी तुझ्या उशाशी दुपारभर बोलत बसायचो. शाळेचं, आईच्या गुडघ्यांचं, देविदासने घेतलेल्या नव्या विहिरीच्या मोटरचं. खूप अडखळत होतो. तू माझा एकही शब्द पुरा केला नाहीस. छताकडे बघत ऐकत राहायचीस. मला बरं वाटलं होतं. वाटलं, आता तू मला थांबून ऐकतेस. नंतर डॉक्टर म्हणाले, त्या दिवसांत तुला फारसं समजत नसावं.

हे सगळं तुला माहीत आहे. मग लिहितो कशाला? काल दुपारी जे झालं, ते तुला माहीत नाही म्हणून.

पाहुणे गेले होते. मंजू शेजारी खेळायला गेली होती, भाऊजी पडले होते. नाना ओसरीवर बसले होते, मी त्यांना चहा दिला. त्यांनी बशीत ओतला आणि पितच नव्हते. मग म्हणाले, "कॉलेज झालं ते बरं झालं तिचं. तेवढं तरी झालं."

मी म्हटलं, हो.

"ते भातकुलीचे फुलवाले यायचे अकोल्याच्या बाजारात. झेंडू घेऊन. मी त्यांच्याकडूनच घ्यायचो. तुमच्या पहिल्याच वर्षी म्हणाले मला, गुरुजी, तुमचा पोट्टा तर वांगे विकून राहिला ना आमच्या दुकानी. काय ओरडते!"

मी कप खाली ठेवला.

"तुम्हाला म... माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग?"

नाना बशीकडे बघत होते. "मग काय? काकाला काय सांगणार होतो? भाऊबंदांना काय सांगणार? मुलगी हुशार आहे म्हणून शिकवतो? कोण ऐकणार होतं? मुलगा बोलत नाही म्हटलं की सगळे गप्प बसायचे." मग म्हणाले, "तू सुटीत यायचास आणि माझ्यासमोर अडखळायचास. मी मनात म्हणायचो, कर बाबा, अजून वर्षभर कर."

मी विचारलं, तिला का नाही सांगितलंत? त्यांनी चहा प्यायला. तो थंड झाला होता. बशी खाली ठेवली. "सांगणार होतो," म्हणाले. मग उठून हात धुवायला गेले.

आपण ज्यांच्यासमोर ते सोंग वठवत होतो, तेच पडदा धरून उभे होते, ताई. इतकी वर्षं. तू त्यांना न विचारता काहीतरी हिसकावून घेतलंस, असं तुला वाटायचं. मंजूच्या बारशाला तू तसं म्हणालीही होतीस, नानांकडे बघायला संकोच वाटतो म्हणून. तसं काही नव्हतं. तुला ते दिलेलं होतं.

हे मी आता तुला सांगितलं. आजवर तुला काहीही सांगितलं, की तू काय म्हणशील ते मला तू बोलण्याआधीच कळायचं. मघापासून मी थांबलो आहे. भाऊजी उठले आहेत, मंजू हाका मारते आहे. तू यावर काय म्हणाली असतीस, ते मला माहीत नाही.